चौकटीला एक भोक

हे काय लावताय?

माझं काम फक्त एका भोकाचं होतं. नीट सांगायचं तर दोन भोकांचं, एक वर आणि एक खाली. पण दुसरं भोक पहिल्याच्याच पोटात धरायचं असतं, असं मला वाटायचं. इमारतीच्या कमिटीला तसं वाटत नाही.

सुताराने ड्रिल मशीन चौकटीला टेकवलं, मशीनने पहिला घर्र आवाज काढला आणि तेवढ्यात जिन्यावरून सेक्रेटरी उतरले. या गृहस्थांना इमारतीत सगळे समोर ‘साहेब’ आणि पाठीमागे ‘पोटनियम’ म्हणतात. मी नवी भाडेकरू असल्यामुळे मला पाठीमागचं नाव अजून माहीत नव्हतं, त्यामुळे मी मोकळेपणाने हसले. ते माझं शेवटचं मोकळं हसू.

“हे काय लावताय?”

“मेझुझा.”

“किती व्होल्टचा?”

आता सांगायलाच हवं. आम्ही ज्यू. आमच्या दाराच्या उजव्या चौकटीवर, साधारण खांद्याच्या उंचीला, बोटाएवढी एक डबी असते. आत चामड्याच्या तुकड्यावर हाताने लिहिलेली प्रार्थना गुंडाळून ठेवलेली. येता-जाता डबीला बोटं लावायची आणि ती ओठाला लावायची. वीज लागत नाही, पाणी लागत नाही, आवाज येत नाही, गळत नाही. त्या इमारतीतल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल एवढं छातीठोकपणे बोलता येणार नाही. हे मी सेक्रेटरींना सांगितलं, गळण्याचा भाग सोडून.

“श्रद्धेला आमची हरकत नाही,” ते म्हणाले. “भोकाला आहे. चौकट बाहेरच्या भिंतीत येते. बाहेरची भिंत कमिटीची. अर्ज करा. आणि अर्जात जागेचा वापर लिहा. घर की ऑफिस?”

सुताराने मशीन बंद केलं. त्याला बिचाऱ्याला काही कळलं नव्हतं, पण वातावरण कळलं.

घर की ऑफिस? इथेच मेख होती. मी लाइफ कोच आहे. लाइफ कोच म्हणजे काय, हे माझ्या दिराला मी आजवर समजावू शकलेले नाही. पाहुण्यांना तो माझी ओळख “वहिनी लोकांशी बोलतात” अशी करून देतो आणि पुढे, “नाहीच जमलं तर आमच्या टाइल्सच्या शोरूममधला काउंटर आहेच रिकामा,” असंही म्हणतो. प्रेमानेच म्हणतो. त्या प्रेमाचीच मला धास्ती. इतके दिवस मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून लोकांची आयुष्यं मार्गी लावत होते आणि मागून नवरा टॉवेल शोधत जात होता. मग एका मोठ्या कंपनीतल्या एचआरच्या बाईंनी विचारलं, “आमची माणसं तुमच्याकडे पाठवायची, पण तुमचं ऑफिस कुठंय?” मी म्हटलं, “आहे की.” गुरुवारी बाई ते बघायला येणार होत्या. बाईंना पसंत पडलं तर मी कोच. नाही पडलं तर टाइल्स.

म्हणून घाईघाईने तळमजल्यावरची ही जागा भाड्याने घेतली. इमारतीत ऑफिसला बंदी आहे. मात्र डॉक्टर, वकील, शिकवणीवाले, पार्लरवाले मागच्या खोलीत राहत असतील तर त्यांना पुढच्या खोलीत व्यवसाय करता येतो. “मग मागे एक गादी टाका,” एजंट म्हणाला. मी गादी टाकली होती. तिच्यावर बसून एकदा सँडविचही खाल्लं होतं.

“घर,” मी म्हटलं.

सेक्रेटरी माझ्या पायातल्या ऑफिसच्या बुटांकडे बराच वेळ बघत राहिले.

उभा की तिरपा?

अर्ज मंजूर होईपर्यंत काय करायचं? नवऱ्याने दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली. टेप लावायला मुहूर्त नको, परवानगी नको, असं तो म्हणाला. तो माझ्या आईला आणि आत्याला विसरला.

आई आणि आत्या एकाच घरात राहतात. आत्या बाबांची बहीण. आईबाबांनी तीन देश बदलले आणि तिन्ही वेळा आत्या बरोबर. त्यामुळे नणंद-भावजयीचं भांडण आमच्या घरात समुद्र ओलांडून, पासपोर्टवर शिक्के घेऊन आलेलं आहे. आई थंड मुलखातल्या ज्यूंपैकी. त्यांच्यात मेझुझा तिरपा लावतात, वरचं टोक घराच्या आत झुकलेलं. बाबा इथल्या मराठी ज्यूंपैकी, त्यांच्या घराण्यात तो सरळ उभा. आईला मराठी आत्यानेच शिकवलं, त्यामुळे आई आत्याशी भांडते ती आत्याच्याच वाक्यांनी. ऐकणाऱ्याला एकच बाई दोन कोपऱ्यांतून स्वतःला झापतेय असं वाटतं.

“तिरपा,” आई म्हणाली.

“वहिनी, चौकटीला वात आलाय का? उभा.”

“वन्सं, तुमच्या दादांनी प्रत्येक घरात तिरपाच लावला.”

“दादाने? दादाने जन्मात कधी काही तिरपं लावलं नाही. टोपी सोडून.”

या तिरपेपणाला इतिहास आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वी एक मोठे पंडित म्हणाले, डबी उभी लावावी. त्यांचाच नातू पुढे तेवढाच मोठा पंडित झाला आणि म्हणाला, आजोबा चुकले, आडवी लावावी. मग नंतरच्या लोकांनी दोघांचाही मान राखून ती तिरपी केली. “तडजोड आहे ती!” आई म्हणते, आणि ज्या आवाजात म्हणते, त्यात तडजोडीला तसूभर जागा नसते.

बाबा असते तर हा प्रश्न निघालाच नसता. नव्या घरात सामान उतरत असताना, या दोघी भांड्यांच्या खोक्यांवरून वाद घालत असताना, बाबा गुपचूप चौकटीशी जायचे आणि डबी लावून मोकळे व्हायचे. बाबा गेल्यानंतरचं हे आमचं पहिलं नवं दार. ते कशी लावायचे, हे मला आठवत नाही. आईच्या घरातली डबी बघावी, तर मागे रंग देताना रंगाऱ्याने ती काढली आणि त्याच्या मनाला येईल तशी परत ठोकली. आता ती उभीही नाही आणि तिरपीही नाही. दोघीही तिला पुरावा मानतात.

“आणि वहिनी, बराखा कोण म्हणणार?” बराखा म्हणजे डबी लावताना म्हणायचं दोन ओळींचं आशीर्वचन.

“कुणीच नाही. बराखा घराला म्हणतात. हे ऑफिस आहे. ऑफिसला नुसती लावायची.”

“पोरगी दिवसभर इथे बसणार, चहा करणार, आत गादी आहे. मग घर नाही तर काय आहे?”

“गादीवर झोपतं का कुणी?”

“आई, आत्या,” मी म्हटलं, “जरा हळू. वर सेक्रेटरी राहतात.”

“मग त्यांना खाली बोलाव,” आत्या म्हणाली. “त्यांचं काय मत आहे?”

शेवटी नवऱ्याने टेप लावली, डबी तिरपी बसली, आईने बराखा म्हणू दिली नाही आणि आत्या भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत उभी राहिली. विचारल्यावर म्हणाली, “काही नाही, दात दुखतोय.”

तू कुठली?

हा प्रश्न मला तीन देशांत विचारला गेला आणि प्रत्येक ठिकाणी माझं उत्तर चुकलं. पहिल्या देशात आम्ही इतके थोडे होतो, की आम्ही कोण हेच कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्यात आम्ही भरपूर होतो, पण बाकीच्या भरपूर लोकांना आम्ही पुरेसे ज्यू वाटत नव्हतो. तिसऱ्यात लोकांनी आम्हाला भलतंच कुणीतरी समजून फार चांगलं वागवलं. बाबा म्हणाले, राहू दे गैरसमज, सोयीचा आहे.

सारखी नव्या वर्गात जाऊन बसणारी मुलगी एक गोष्ट शिकते. भाषा कळण्याआधी तिला कळायला लागतं, की या वर्गात कोण कुणाला घाबरतं. आज मी त्यावरच जगते. समोरचा माणूस खुर्चीत कसा बसतो, यावरून तो नोकरीला कंटाळलाय की बायकोला, हे मला सांगता येतं. आणि कोचिंगच्या कोर्समध्ये शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “कोच उत्तर देत नाही, फक्त प्रश्न विचारतो,” तेव्हा बाकीचे दचकून एकमेकांकडे बघत होते आणि मला माहेरी आल्यासारखं वाटत होतं. आमच्या घरात मला उत्तर मिळालंय कधी? “आई, भूक लागली.” “कशाची?” “आत्या, देव आहे का?” “कुणाला हवाय?”

आणि दार. नव्या गावात शाळेतून परतताना सगळी दारं सारखी दिसायची, आकडे अनोळखी लिपीत. मी चौकटीवरून हात फिरवायची. बोटांना डबी लागली, की घर आपलं. म्हणून मला हे भोक हवं होतं. जेवणाच्या टेबलाला चौकट नसते हो. मला एक दार हवं होतं, कामाचं, माझं.

असो. असं काही मनातलं बोलून गेलं तर कोचने पाणी प्यावं, असं कोर्समध्ये सांगितलंय. प्यायले.

वाकडं का आहे?

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत माझ्या चौकटीएवढा चर्चेचा दुसरा विषय नव्हता.

पहिल्या मजल्यावरच्या आजींना तो छुपा कॅमेरा वाटला. त्या माझ्या दारावरून जाताना पदर सारखा करून, किंचित हसून जाऊ लागल्या. मुलांना ती बेल वाटली. दाबून वाजत नाही म्हटल्यावर ती जोरात दाबू लागली. समोरच्या ब्युटी पार्लरवाल्या बाईंनी विचारलं, “वास कसला येतो त्यातून? मलाही एक आणून द्या.” कुरियरवाला पाकिटं डबीखाली खोचून ठेवायला लागला.

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर लेव्हलची पट्टी घेऊन आले. तीच, मध्ये बुडबुडा असतो ती.

“ताई, हे वाकडं लागलंय.”

“ते तसंच असतं.”

“तसंच असतं असं काही नसतं. बुडबुडा बघा, पार कडेला गेलाय.”

“काका, ती तडजोड आहे.”

“तडजोड म्हणून तर पूल पडतात,” ते म्हणाले आणि मी फोनवर असताना त्यांनी डबी सरळ केली. दुपारी आई आली आणि तिने ती तिरपी केली. जाताना आत्याला फोन करून सांगितलं. संध्याकाळी आत्या आली. टेप म्हणजे टेप, तिची सहनशक्ती ती केवढी. बुधवारी सेक्रेटरी नोटीस लावायला दाराशी आले आणि डबी सुटून त्यांच्या चपलेतल्या उघड्या अंगठ्यावर पडली.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अंगठ्याकडे बघितलं, नोटिशीकडे बघितलं, खिशातून पेन काढलं आणि नोटिशीत एक ओळ वाढवली.

नोटीस अशी होती: तळमजल्यावरील जागेचा वापर निवासी आहे की व्यावसायिक, याची खातरजमा करण्यासाठी कमिटी गुरुवारी सकाळी स्थळपाहणी करील. वापर व्यावसायिक आढळल्यास जागा रिकामी करावी लागेल. वाढवलेली ओळ: तसेच पडणाऱ्या वस्तूंबाबतही विचार होईल.

गुरुवारी सकाळी. बरोबर, एचआरच्या बाई येणार होत्या तेव्हाच.

मी रात्रीच नवऱ्याला उशी, पांघरूण, दात घासायचे ब्रश आणून ठेवायला सांगितलं. त्याने इमानेइतबारे आणले. पाच ब्रश. “भरलेलं घर वाटावं म्हणून,” म्हणाला.

घर आहे की ऑफिस?

स्थळ: माझी पुढची खोली. हजर: सेक्रेटरी, अंगठ्याला पट्टी. इंजिनिअर, हातात लेव्हल. पार्लरवाल्या बाई, कमिटीच्या सभासद म्हणून. त्या कमिटीवर असल्याचं त्यांनाही सकाळीच कळलं होतं. आई आणि आत्या, कुणी न बोलावता. आणि दारातून आत्ताच आलेल्या, कडक इस्त्रीच्या एचआरच्या बाई. त्यांना कुणीतरी कमिटीतल्याच समजून खुर्ची दिली. मी तोंड उघडायच्या आत सुरुवात झालेली.

सेक्रेटरी: एकच विचारतो. हे घर आहे की ऑफिस?

मी एचआरच्या बाईंकडे बघितलं. घर म्हणाले तर त्या उठणार. सेक्रेटरींकडे बघितलं. ऑफिस म्हणाले तर मी उठणार, सामानासकट. 

आई: अहो, ऑफिस आहे म्हणून तर मी बराखा म्हणू दिली नाही!

 सेक्रेटरींनी पेन उघडलं.

आत्या: खोटं! बराखा झालीय. मी म्हटलीय.

आई: कधी?

आत्या: दात दुखत होता तेव्हा. म्हणजे हे घर आहे. लिहा साहेब.

आई: चोरून म्हटलेली बराखा चालते का? वन्सं, तीन देश फिरलो, तुम्ही प्रत्येक ठिकाणी हेच केलंत!

सेक्रेटरी: बाई, मला धर्म नका सांगू, वापर सांगा. घर म्हणजे जिथे माणूस राहतो.

आत्या: राहतो म्हणजे काय करतो?

सेक्रेटरी: झोपतो.

आई: (या प्रश्नावर अचानक आत्याच्या बाजूने) माझे हे नाटकाला गेले की झोपायचे. म्हणून थिएटर आमचं का?

इंजिनिअर: मुद्दा आहे.

सेक्रेटरी: झोपतो, जेवतो, लोक त्याला भेटायला येतात...

आत्या: तुमचं घर कुठंय साहेब?

सेक्रेटरी: वर. पहिला मजला.

आत्या: तिथे कोण भेटायला येतं तुम्हाला?

सेक्रेटरींनी पेनाचं टोपण लावलं.

आई: जेवता कुठे?

सेक्रेटरी: कमिटीच्या खोलीत. डबा येतो. काम असतं ना दिवसभर.

आई: आणि दुपारचे आडवे होता ते?

सेक्रेटरी: तिथेच. बाकडं आहे.

आत्या: मग वर काय आहे?

 पार्लरवाल्या बाईंनी नजर खाली घातली. सेक्रेटरी पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे बघत होते.

“वर कपाट आहे,” ते म्हणाले. “ही गेली तेव्हापासून मी... वर दिवा लावायचा कंटाळा येतो.”

“मुलं?” आई म्हणाली, आता अगदी हळू.

“मुलगी आहे. लांब असते. म्हणते, बाबा, फोन केला की तुम्ही नियमच सांगत बसता.”

“मग तुम्ही तिला काय विचारता?” आत्याने विचारलं.

“विचारत नाही. सांगतो.”

“का?”

हा प्रश्न आत्याने ज्या तऱ्हेने विचारला, त्याच तऱ्हेने तो तिने मला लहानपणी हजारदा विचारलाय आणि हजारदा मी चिडलेय. सेक्रेटरी चिडले नाहीत. खुर्चीत मागे टेकून बसले. मला वाटतं, त्या इमारतीत त्यांना कुणी टेकलेलं बघितलं नव्हतं. (व्यावसायिक नोंद: इथवर यायला मला किमान तीन सेशन्स लागली असती, आणि तिसऱ्यात ते आलेच नसते.)

मग ते उठले, खाकरले आणि पुन्हा पोटनियम झाले. “इथे खरोखर कुणीतरी राहायला हवं. राहिलं तर घर. मग पुढच्या खोलीत व्यवसायाला हरकत नाही. नाही राहिलं तर महिनाअखेर जागा सोडायची. ब्रश मोजून मी फसत नाही.”

“मी राहीन,” आई म्हणाली.

“तू एकटी? बराखा मी म्हटलीय,” आत्या म्हणाली. “मी राहीन.”

मी हो म्हटलं तर या दोघी रोज माझ्या ऑफिसात, आणि नाही म्हटलं तर टाइल्स. मी हो म्हटलं.

इंजिनिअरांनी भोकाचा अर्ज जागच्या जागी मंजूर करून घेतला आणि खालचं भोक फटीसारखं लांबट पाडून दिलं. त्यामुळे डबी आता वरच्या स्क्रूवर हलते. दोघींपैकी जी आत जाते, ती आपल्याला हवी तशी डबी फिरवून जाते.

एचआरच्या बाई दारापर्यंत आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “मी बरीच ऑफिसं बघितली. आमची माणसं पाठवते.” माझ्या छातीवरचा दगड उतरतोय तोच पुढे म्हणाल्या, “फक्त त्या दोघी असतील त्या दिवशीच हं.”

तुमचं काय आहे?

आता त्या दोघी मागच्या खोलीत राहतात. म्हणजे राहतात दोन्ही खोल्यांत. मी सकाळी येते तेव्हा गादी उन्हात आणि आई माझ्या खुर्चीत असते. कंपनीची माणसं येतात. त्यातली बहुतेक पहिल्यांदा माझ्याकडे बसतात, मी रीतसर प्रश्न विचारते, ती रीतसर उत्तरं देतात. मग आत चहा होतो का, असं विचारून आत जातात आणि तासभर बाहेर येत नाहीत. आतून वादावादी ऐकू येते, मध्येच रडणं, मध्येच हसणं, मग आत्याचं “का?” शनिवार हा आमचा धर्माने सांगितलेला विश्रांतीचा वार, फोन बंद असतो, काम बंद असतं, तरी सेक्रेटरी नुसते येऊन बसतात. परवा त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी मुद्दाम दारापाशी उभं राहून ऐकलं. ते विचारत होते, “मग तू काय केलंस?” आणि गप्प राहून ऐकत होते.

दिराने ऐकलं आणि म्हणाला, “वहिनी, म्हणजे तुमचं जमलं!” मी हो म्हटलं. काय सांगणार?

काल मी बाहेर बाकावर बसले होते. माझ्याच पुढच्या खोलीत जागा नव्हती. शेजारी कंपनीतली एक मुलगी बसली होती, हातात रुमाल चुरगाळलेला; ही दरवेळी थेट आतच गेलेली, मला ओळखत नव्हती. बराच वेळ माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, “पहिल्यांदाच आलात का?”

“हं?”

“घाबरू नका. आत त्या दोघी फार भांडतात, पण आपल्या अंगावर काही येत नाही. उलट आपल्याला बोलावंसं वाटायला लागतं.” तिने माझ्या हातावर हात ठेवला. “तुमचं काय आहे?”

मी सांगणार होते, की हे ऑफिस माझं आहे, दाराबाहेरच्या पाटीवर नाव माझं आहे, मी प्रमाणपत्र मिळवलेली लाइफ कोच आहे आणि आत बसलेल्या त्या दोघी माझी आई आणि माझी आत्या आहेत. तोंड उघडलंही होतं.

“माझं ना,” मी म्हटलं, “घरात कुणी ऐकतच नाही माझं.”

मुलीने सरकून मला जागा दिली. “तुम्ही जा आधी,” ती म्हणाली. “माझं एवढं नाही.”